श्रमयोगी मानधन: सहा वर्षं दरमहा १५० रुपये भरल्यावर

मी पुण्यात पर्वती पायथ्याला जनता वसाहतीत राहते. सहकारनगरात चार घरी पोळ्या-भाजीची कामं करते. असंघटित कामगारांसाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ही पेन्शन योजना २०१९ च्या सुरुवातीला निघाली आणि मार्चमध्ये मी नाव घातलं. वस्तीतल्या बायका अजून विचारतात, "ताई, पैसे बुडणार तर नाहीत ना?" म्हणून माझा अनुभव सगळा लिहून काढते.

तुम्ही महिन्याला जेवढे भराल तेवढेच केंद्र सरकार तुमच्या नावावर घालतं. तेव्हा मी ३५ वर्षांची होते, म्हणून माझा हप्ता १५० रुपये. अठराव्या वर्षी आलात तर ५५, चाळिसाव्या वर्षी २००. एकदा ठरलेला हप्ता साठीपर्यंत तोच राहतो. साठ पूर्ण झाली की महिना ३,००० रुपये पेन्शन. माझी २५ वर्षांची भर होते ४५,००० रुपये. पेन्शन सुरू झाल्यावर पंधरा महिन्यांत तेवढी रक्कम परत हातात येते. हा हिशेब मुलीने वहीत मांडून दाखवला आणि तेव्हाच माझा निर्णय झाला. काम सोडल्यावर घरकामवालीला कोण काय देतं? माझ्या आईने तीस वर्षं भांडी घासली, शेवटी औषधाला भावाकडे हात पसरावा लागला.

नाव घालायला फार त्रास झाला नाही. सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रावर आधार कार्ड आणि जनधनचं पासबुक नेलं, पहिला हप्ता रोख भरला, बँकेतून पैसे कापायच्या कागदावर सही केली आणि खाते क्रमांकाचं कार्ड घेऊन अर्ध्या तासात बाहेर पडले. महिन्याची कमाई १५,००० पर्यंत असावी लागते, आणि पीएफ, ईएसआय (कामगार विमा) किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) लागू असेल तर घेत नाहीत. शेजारची एक मुलगी पॅकिंगच्या कंपनीत जाते, तिचा पीएफ कापतात, तिला नाही मिळालं. माझी थोरली जाऊ ४२ ची होती, तीही केंद्रावरून परत आली. तिचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. आयुष्यभर कष्ट केलेल्या बाईला दोन वर्षं उशीर झाला म्हणून दार बंद, हे मला मुळीच पटत नाही.

माझी खरी परीक्षा झाली लॉकडाऊनमध्ये. चारपैकी तीन घरांनी कामावर येऊ नको सांगितलं. एका घरच्या काकूंनी मात्र न जाता पगार दिला, त्यावर धान्य भरलं. खात्यात काही उरलं नाही आणि तीन हप्ते परत गेले. वर बँकेने प्रत्येक वेळी दंड कापला. १५० रुपये नाहीत म्हणून दंड! फार संताप आला. नंतर थकलेले हप्ते भरून खातं पुन्हा सुरळीत केलं. आता दिवाळीचा बोनस आला की आधी वर्षाचे १,८०० रुपये त्या खात्यात टाकते आणि तिथून काहीच काढत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सहा वर्षांत माझे १०,८०० झाले, सरकारचेही तेवढेच. पण सरकारचे ते १०,८०० आज माझे नाहीत. दहा वर्षांच्या आत बाहेर पडलं तर फक्त आपली भर आणि बचत खात्याचं व्याज मिळतं. दहा वर्षांनंतर, पण साठीच्या आधी सोडलं तर आपल्या भरीवर योजनेच्या फंडाने कमावलेलं किंवा बचत खात्याचं, जे जास्त असेल ते व्याज. सरकारचा वाटा तेव्हाही मिळत नाही. पुढच्या गल्लीतल्या एकीने मुलाच्या फीसाठी दोन वर्षांत सोडलं. ती म्हणाली, "सरकारचे पैसे कुठे गेले?" हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की या योजनेच्या जोडीला बचत गट हवाच. मी गटात महिना २०० भरते. पावसाळ्यात पत्रे उडाले तेव्हा गटातून कर्ज काढलं आणि पेन्शनला हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट खुपते. माझ्यामागे नवऱ्याला निम्मी, म्हणजे १,५०० पेन्शन मिळेल, पण आम्ही दोघं गेल्यावर उरलेली रक्कम फंडात परत जाते, मुलीला काही नाही. अटल पेन्शन या सरकारच्या दुसऱ्या योजनेत मागे राहिलेली रक्कम वारसाला मिळते. पण ३५ व्या वर्षी तिथे ३,००० च्या पेन्शनसाठी महिना ५४३ रुपये लागतात. ५४३ मला झेपले नसते, १५० झेपले. नवरा रंगकाम करतो. त्याने दोन वर्षं टाळाटाळ केली आणि ३९ व्या वर्षी आला, त्याचा हप्ता १९०.

आणि ३,००० हा आकडा महागाईप्रमाणे वाढत नाही. आमच्या गल्लीत दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं आजच त्याच्यावर गेलंय. २०४४ मध्ये मी साठीची होईन तेव्हा त्यातून भाडं निघणार नाही, फार तर औषधं आणि किराण्याचा काही भाग निघेल. आईकडे तेवढेही नव्हते, म्हणून मला ते हवेत. ही रक्कम वाढवून द्यायलाच हवी, असं मी घरकामगारांच्या संघटनेच्या बैठकीतही बोलले आहे.

माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी २२ ची आहे. तिचा हप्ता ६८ रुपये बसतो. या शनिवारी दुपारची कामं उरकून तिला केंद्रावर घेऊन जाणार आहे. पासबुक आणि आधार आणायला सांगितलंय, आणि मध्येच सोडलं तर काय होतं ते सही करायच्या आधी तिला समजावून सांगणार आहे.