सामुदायिक रेडिओ की मोठं एफएम केंद्र? पगारी तांत्रिक उमेदवारी

साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या सामुदायिक केंद्रांना साधारणपणे ५० वॅटपर्यंतचाच ट्रान्समीटर मिळतो. माणसंही मोजकी, म्हणून माइकपासून मनोऱ्यापर्यंत सगळ्याला हात लागतो. पावसात अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की परावर्तित शक्ती (अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत येणारी) वाढते आणि ट्रान्समीटर आपोआप आपली शक्ती कमी करतो; हे इथेच बघायला मिळतं. विद्यावेतन मात्र तुटपुंजं.

मोठ्या केंद्रात पैसे बरे आणि वेळेवर. पण प्रोसेसरला (प्रसारणाआधी आवाज घडवणाऱ्या यंत्राला) कुलूप, आणि उमेदवाराच्या वाट्याला बहुतेक प्लेलिस्ट, लॉग अन् जाहिरातींच्या वेळा.

संगीताचं रेकॉर्डिंग शिकायचं तर एक कसोटी: मिरजेचा तानपुरा रेकॉर्ड करा. माइक घोडीपासून दीड फुटावर, थोडा तिरपा. पातळी उणे १२ डीबीच्या आसपास. भारतात एफएमला ५० मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस असतं, म्हणजे आवाजातल्या वरच्या कंपनसंख्या प्रसारणाआधीच उचललेल्या. त्यात जवारी (घोडीवर तारेला येणारी झणकार) झणझणीत असेल तर लिमिटर (पातळी मर्यादेत ठेवणारं यंत्र) आवाज दाबतो आणि तानपुरा दम लागल्यासारखा वाजतो. स्टुडिओत कळत नाही, साध्या रेडिओवर कळतं.

ही चूक स्वतः करून दुरुस्त करायची मुभा सामुदायिक केंद्रात जास्त. भाडं भरायचं असेल तर मोठं केंद्र, पण करारात रेकॉर्डिंगचे तास लिहून घ्या.