वजनदार बुद्धिबळ सेट: सोंगट्या झकास, पण जादा वजीर नाही

महिन्यापूर्वी सांगलीतल्या एका दुकानातून हा सेट घेतला, ११५० ला. वजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या सोंगट्या आणि गुंडाळायचा रेक्झिनचा पट. राजा साडेनऊ सेंटिमीटर, घर साडेपाच, म्हणजे स्पर्धेच्या मापात बसतं. घरचा लाकडी पट पावसाळ्यात फुगतो, बिजागरीपाशी सोंगटी डुलते, म्हणून हा.

रविवारी स्पर्धेला हाच नेला. समोर नववीतलं पोरगं, रेटिंग माझ्याहून बरंच जास्त. त्यानं डी४ केलं (म्हणजे त्या नावाच्या घरावर प्यादं), मी काळ्याकडनं आपली नेहमीची सुरुवात, क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, म्हणजे प्यादी डी५ आणि ई६ वर. लोकं म्हणतात जुनाट आहे, पण १९२७ च्या अलेखाइन-कॅपाब्लांका जगज्जेतेपदाच्या मॅचमधे ३४ पैकी ३२ डाव ह्यातच झाले आणि मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही. काळ्याला जागा कमी, सी८ चा उंट आपल्याच ई६ च्या प्याद्यामागं कोंडलेला, म्हणून मारामारी करून मोकळं व्हायचं. मी सी४ वर प्यादं मारलं, त्यानं उंटानं परत मारलं, मग माझा घोडा डी५ वर, उंट गेले, घोडे गेले, आणि शेवटी ई५ ढकललं की कोंडलेल्या उंटाला वाट मिळते. एवढ्या उचलाठेवीत एक सोंगटी आडवी झाली नाही, बुडाला फेल्ट आहे त्यामुळे आवाजपण नाही. इथं पैसे वसूल.

घोळ शेवटी झाला. दोघांचे वजीर पटावरच आणि माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, म्हणजे त्याचा नवा वजीर करायचा, डब्यात बघतो तर जादा वजीरच नाही! पोरगं म्हणालं काका हत्ती उलटा ठेवा, पण नियमानं उलटा हत्ती हा हत्तीच धरतात, म्हणून क्लॉक थांबवून आर्बिटरना (पंचांना) बोलावलं (अशावेळी थांबवता येतं, नवीन पोरांनी लक्षात ठेवा). त्यांनी शेजारच्या टेबलावरनं काळा वजीर आणून दिला आणि तीन चालीत पोरानं हार मानून हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर म्हणाले, सेटमधे एकच वजीर असतो की. बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत आम्ही मोठे झालो आणि इथं दुसरा वजीर कशाला हे समजावून सांगावं लागलं, फार वाईट वाटलं.

पाचपैकी साडेतीन. घ्या, पण दुकानातच डबा उघडून वजीर मोजा, दोन्ही रंगांचे दोन-दोन असे चार पाहिजेत.