आठपैकी सात वर्ग: लातूरमधील एका प्रसूतिपूर्व वर्गाचा अनुभव

लातूरमध्ये ‘क्लास लावला आहे’ असे सांगितले की ऐकणारा ‘नीटचा की जेईईचा?’ असेच विचारतो. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात उदगीरहून माहेरी आल्यावर मी शेजारच्या काकूंना क्लासला निघाल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले आणि ‘आता बाळंतपणाचेही क्लास निघाले का गं?’ असे विचारले. असे वर्ग निघाले आहेत आणि औसा रोड परिसरातील अशाच एका वर्गाला मी मार्चअखेरपासून मेपर्यंत गेले. दर शनिवारी दुपारी दोन तास, एकूण आठ वर्ग आणि शुल्क ४,००० रुपये, असे त्याचे स्वरूप होते.

पहिल्या दोन वर्गांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. मंद संगीत, श्लोकपठण आणि पोटातल्या बाळाशी बोलणे यांत ते गेले. मन शांत होत असे, हे खरे. पण कळा म्हणजे नेमके काय होते, हे जाणून घ्यायला आलेल्या बाईला त्यातून उत्तर मिळत नव्हते.

माझ्या दृष्टीने वर्ग खऱ्या अर्थाने तिसऱ्या शनिवारी सुरू झाला. शिकवणाऱ्या मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी लोकरीने विणलेली एक गर्भपिशवी आणली होती आणि तिच्यात एक चेंडू ठेवला होता. वरून हलका दाब दिला की पिशवीची मान हळूहळू आखूड होई आणि मगच तिचे तोंड उघडू लागे. ‘तोंड दहा सेंटीमीटर उघडावे लागते’ हे वाक्य मी कितीतरी जणींकडून ऐकले होते, पण ते उघडण्याआधी मान आखूड व्हावी लागते आणि पहिलटकरणीच्या बाबतीत त्यातच बराच वेळ जातो, हे कोणी सांगितले नव्हते. नवव्या महिन्यात भरपूर तूप खाल्ले की बाळ सहज सरकते, ही समजूतही त्यांनी त्याच दिवशी खोडून काढली. अन्नाचा मार्ग वेगळा आणि बाळाचा वेगळा, त्यामुळे तुपाने वाढते ते वजन, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते घरी सांगितल्यावर आमच्याकडे जेवताना थोडा वाद झाला.

चौथा वर्ग श्वासाचा होता आणि मला तो सर्वांत उपयोगी वाटला. भीतीमुळे स्नायू आवळतात, आवळलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढते आणि वाढलेली वेदना पुन्हा भीती वाढवते, हे चक्र ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी मांडले. १९५१ मध्ये सोव्हिएत रशियातील पद्धत पाहून आलेल्या फर्नांड लमाझ या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी श्वासाच्या सरावावर भर दिला. मॅडमनी हा इतिहास पाच मिनिटांत संपवला आणि प्रत्येकीच्या मुठीत बर्फाचा खडा दिला. एक मिनिट तो सोडायचा नाही, जबडा सैल ठेवायचा आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा, असा तो सराव होता. घरी मी रोज फ्रीजमधून बर्फ काढून बसत असे आणि माझा धाकटा भाऊ त्याला ‘गृहपाठ’ म्हणत असे.

पाचव्या वर्गाला सोबत राहणाऱ्या व्यक्तीला आणायचे होते. माझे पती शाळेच्या परीक्षांमुळे उदगीरमध्येच अडकले होते, म्हणून आई आली. ‘आमच्या टायमाला कुठं होते गं क्लास? खुरपून आलो की बाळंत व्हायचो,’ असे ती जिना चढताना म्हणाली. परंतु कळ आल्यावर कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने कसा आणि किती जोर द्यायचा, हे तिने माझ्यापेक्षा लवकर आत्मसात केले. रुग्णालयात केव्हा निघायचे, हेही त्या दिवशी कळले. कळा पाच मिनिटांच्या अंतराने, प्रत्येकी मिनिटभर आणि सलग तासभर येत असतील, तर निघायचे. रक्तस्राव झाला, पाणमोट फुटली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र कळांची वाट न पाहता लगेच निघायचे.

आठव्या वर्गाच्या आधीच्या बुधवारी रात्री अकराला कळा सुरू झाल्या. आईने भावाच्या जुन्या वहीत वेळा लिहिल्या आणि पहाटे चारला आम्ही एका खासगी प्रसूतिगृहात पोहोचलो. तोंड तीन सेंटीमीटर उघडले होते. सकाळी आठला ते चारवरच होते. त्यानंतर नातेवाइकांचे फोन सुरू झाले आणि ‘उगीच ताटकळत ठेवू नका, सिझर करून टाका’ असा सल्ला दोन ठिकाणांहून आला. पाच सेंटीमीटरपर्यंतचा टप्पा संथ असू शकतो आणि दर तासाला एक सेंटीमीटर ही अपेक्षा प्रत्येक बाईला लागू होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, हे वर्गात ऐकलेले नसते, तर मीच शस्त्रक्रियेचा आग्रह धरला असता. डॉक्टरांनी बाळाचे ठोके तपासून थांबायला हरकत नसल्याचे सांगितले. मी व्हरांड्यात चालत राहिले आणि आई प्रत्येक कळेला कंबर दाबत राहिली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. वजन २ किलो ८०० ग्रॅम भरले. वार पडेपर्यंत ती माझ्या छातीवरच होती आणि तासाभरात तिने चीक ओढला.

वर्गामुळे वेदना कमी झाल्या का, असे मला अनेकींनी विचारले. नाही, कमी झाल्या नाहीत. शेवटच्या तासात तर श्वासाचे आकडेही विसरले होते आणि आईच मोठ्याने मोजत होती.

तक्रारीही आहेत. गरोदर बायकांचा वर्ग लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असावा, हे अनाकलनीय आहे. उकिडवे बसून किंवा गुडघ्यांवर टेकून जोर लावण्याचा सराव आमच्याकडून दोन शनिवार करून घेतला; प्रत्यक्षात मला टेबलावर उताणेच झोपवले गेले. आपले रुग्णालय काय करू देते, हे आधी जाऊन विचारा, एवढे एक वाक्य वर्गात सांगितले असते तरी पुरे होते.

सर्वांत खटकले ते माहितीपत्रकावरील ‘शंभर टक्के नॉर्मल डिलिव्हरी’ हे शब्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७ टक्क्यांहून अधिक आणि सरकारी रुग्णालयांत सुमारे १४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. यातल्या सगळ्याच अनावश्यक नव्हेत. आमच्या वर्गातील एकीचे बाळ पायाळू होते, म्हणून तिचे सिझर झाले. त्यानंतर तिने आमच्या व्हॉट्सॲप गटावर ‘मी नापास झाले’ असे लिहिले. मॅडमनी तिला तातडीने फोन केल्याचे कळले, पण पत्रक अजून बदललेले नाही.

माझा आठवा वर्ग स्तनपान आणि बाळंतिणीच्या व्यायामाचा होता, तो राहून गेला. त्याचे पाचशे रुपये मी परत मागितलेले नाहीत. माझ्या जावेला पाचवा महिना आहे. तो वर्ग तिच्या खात्यात धरावा, असे मी मॅडमना लिहिले आहे. त्यांनी संदेश वाचला आहे, उत्तर मात्र अद्याप दिलेले नाही.