घरी ब्युरोची बाई की सेंटरमध्ये थोडे दिवस?

आमच्या आत्याला डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि भान हळूहळू कमी होत जाण्याचा आजार. बाहेरगावी जायचं असताना आत्याची सोय आम्ही दोन्ही प्रकारे करून बघितली, कोथरूडला घरी ब्युरोची, म्हणजे पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, बाई ठेवून आणि नंतर अशा पेशंटना सांभाळणाऱ्या सेंटरमध्ये थोडे दिवस ठेवून.

घरी ठेवलं की बाथरूमची वाट पायांना पाठ, देवघर जागच्या जागी, कप नेहमीचाच. जागा बदलली की गोंधळ आधी वाढतो हेही खरं, म्हणजे तसं बघायला गेलं तर घरच बरं.

पण मला वैताग आला तो शिफ्टचा. ब्युरोच्या बाया बारा-बारा तासांच्या, बदली संध्याकाळी सातला. आणि या आजारात नेमकं दिवस मावळताना माणूस बिथरतं, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. आत्याचं "मला घरी सोडा, आई वाट बघत असेल" सुरू झालेलं आणि तेव्हाच एक बाई पर्स उचलून निघालेली, दुसरी दारात चपला काढतीय. त्यात कुणाच्या गावाला जत्रा, कुणाला घराजवळ काम मिळालं, की परत नवीन बाई. नवा चेहरा दिसला की आत्याच्या बांगड्या चोरीला गेल्याच, आणि बांगड्या हातात! संशय हा आजाराचाच भाग आहे, पण ते त्या बाईला फोनवरून किती समजावणार? चोवीस तासांची एकच ठेवा म्हणतात, पण आत्या रात्रभर जागी, मग त्या बाईनं झोपायचं कधी?

सेंटरमध्येही शिफ्ट बदलते, पण एक गेली तरी ओळखीच्या बाकीच्या तिथंच असतात, दिवेलागणीला सगळ्यांना हॉलमध्ये भजनाला बसवतात. सुरुवातीला आत्या नीट जेवली नाही हे सांगायला हवं. शिवाय खर्च, तो मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही, आणि अशी बरीच सेंटर्स गावाबाहेर, ट्रॅफिकचं तर बोलायलाच नको.

एका रात्रीचं लग्नबिग्न असेल तर घरीच ठेवा. पेशंट अंथरुणावर असेल तरी बहुतेक घरच सोपं. हिंडतं-फिरतं माणूस असेल आणि आठवडाभर जायचं असेल तर मी तरी सेंटरच बघेन. मात्र बघायला सकाळी अकराला जाऊ नका, संध्याकाळी सातच्या सुमारास जा. रात्री किती जणांमागे एक माणूस असतं, कुणाला बांधून ठेवतात का, झोपेची गोळी कुणाला विचारून देतात आणि बडबड एकदम वाढली तर लघवीचं इन्फेक्शन तपासतात का (त्यानंही गोंधळ वाढतो), एवढं तिथं उभं राहून विचारा.