मांडवीवरची पोकर टेबले: एक स्पर्धा आणि कॅश गेमच्या दोन रात्री

पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांपैकी दोन जहाजांवर मी पोकर खेळलो आहे. एका जहाजावर 2023 च्या एप्रिलमध्ये नो-लिमिट होल्डेमची (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे पाच सामाईक पत्ते आणि बोलीला मर्यादा नाही, अशा पोकरची) स्पर्धा खेळलो, तर दुसऱ्यावर गेल्या हिवाळ्यात सलग दोन रात्री कॅश गेम, म्हणजे चिप्सची किंमत थेट रुपयांत असलेला आणि केव्हाही उठता येणारा खेळ. एवढ्याशा अनुभवावरून कोणत्याही जहाजावर नावानिशी शिक्का मारणे योग्य नव्हे, म्हणून नावे देत नाही. मात्र पुण्या-मुंबईहून जाऊन पहिल्यांदाच खऱ्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने काय पाहावे, काय विचारावे, हे या अनुभवातून सांगता येईल असे वाटते.

मराठी खेळाडूला गोवा गाठावा लागतो, याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात कॅसिनोविषयीचा कायदा 1976 मध्ये झाला, पण तो कधीच अमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच करण्यात आला. गोव्यात 1976 च्याच जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे व नदीतल्या जहाजांवर टेबलावरचे खेळ कायदेशीर झाले. प्रवेशासाठी वय 21 पूर्ण असावे लागते आणि मूळ ओळखपत्र जवळ लागते. धक्क्यावर तपासणी होते, मग छोट्या बोटीने जहाजावर नेतात. हा सर्व भाग दोन्ही ठिकाणी शिस्तीत पार पडला. जेवण चांगले होते आणि पोकर टेबलावर बसणाऱ्याला पाणी, चहा, खाणे जागेवर मिळत होते. याहून अधिक त्याबद्दल लिहिण्यासारखे नाही.

पोकर रूमची खरी पारख पत्ते वाटणारा डीलर आणि वाद सोडवणारा फ्लोअर मॅनेजर यांच्यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे. रूले किंवा अंदर-बाहर खेळताना आपण कॅसिनोविरुद्ध खेळत असतो. पोकरमध्ये पैसे एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जातात आणि कॅसिनो प्रत्येक पॉटमधून (डावात मधे जमलेल्या रकमेतून) आपला हिस्सा, म्हणजे रेक, कापून घेतो. कॅसिनो इथे पंच आहे आणि आपण पैसे मोजतो ते या पंचगिरीचे. नो-लिमिट खेळात समोरची सगळी रास कोणत्याही क्षणी पुढे सरकू शकते, त्यामुळे पंचाची एक चूक एखाद्याच्या संपूर्ण रात्रीची कमाई फिरवू शकते. पंच कच्चा असेल तर बाकीचा थाटमाट काय कामाचा?

कॅश गेमच्या जहाजावर हा पंच पक्का होता. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, 100-200 चे होते (मोठी रक्कम ती बिग ब्लाइंड) आणि मी 20,000 रुपयांच्या चिप्स घेऊन, म्हणजे शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसलो. आमच्या टेबलावरची डीलर ईशान्येकडची एक तरुण मुलगी होती. ती पत्ते टेबलाला जवळजवळ चिकटवून पिसत असे, त्यामुळे तळाचा पत्ता कोणाच्याही नजरेस पडत नसे. वाटताना प्रत्येक पत्ता खेळाडूच्या चिप्सपाशी सपाट जाऊन थांबे, आणि फ्लॉपपूर्वी, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधी, वरचा पत्ता बाजूला टाकताना ती मनगटाने टेबलावर हलकी थाप देत असे. ही थाप म्हणजे या फेरीतल्या बोली संपल्या, अशी सर्वांना दिलेली सूचना असते. घाईच्या डीलरकडून नेमकी तीच सुटते आणि मग कोणीतरी आपली पाळी राहून गेली म्हणून भांडू लागतो.

पहिल्या रात्रीचा एक डाव तपशिलाने सांगतो. माझ्या हातात नव्वीची जोडी होती आणि फ्लॉपवर बदामाची राणी, किल्वरची नव्वी आणि चौकटची चव्वी आली. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा जुळणारा पत्ता येण्याचे प्रमाण साधारण साडेआठ वेळांत एकदा असे आहे, म्हणजे तासन् तास वाट पाहून एखादी अशी संधी मिळते. टर्नवर, म्हणजे चौथ्या सामाईक पत्त्यावर, मी 1,500 लावले. माझ्या डावीकडच्या गृहस्थांनी काही न बोलता 5,000 ची एकच चिप पुढे टाकली. डीलरने शांतपणे "कॉल, सर" म्हटले, म्हणजे फक्त बोलीची बरोबरी धरली, आणि 3,500 त्यांच्याकडे परत सरकवले. गृहस्थ भडकले, आपल्याला रेझ करायचे, म्हणजे बोली वाढवायची होती असे त्यांचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच हवे होते. फ्लोअर मॅनेजर आला. त्याने खेळाडूंना काही न विचारता आधी डीलरला तीन गोष्टी विचारल्या: समोर बोली कितीची होती, चिप्स किती टाकल्या आणि तोंडाने काही म्हटले होते का. उत्तरे ऐकून त्याने निर्णय कायम ठेवला, कारण समोर बोली असताना न बोलता टाकलेली एकच मोठी चिप हा कॉलच धरला जातो. दोन मिनिटांच्या आत खेळ पुढे सुरू झाला. रिव्हरवर, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्यावर, मी 4,000 लावले आणि त्यांनी पत्ते टाकून दिले. त्या निर्णयाने माझे नुकसान झाले असेल, पण त्या क्षणापासून मी त्या टेबलावर निर्धास्त बसलो.

दुसऱ्या रात्री तिघे एकदम ऑल-इन झाले, म्हणजे समोरचे सगळे लावून बसले. एकाजवळ 4,200, दुसऱ्याजवळ 9,600 आणि तिसऱ्याजवळ 15,000 होते, आणि दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले होते. त्याच मुलीने प्रत्येकाकडून 4,200 ओढून त्यात ब्लाइंडचे 300 मिळवले व 12,900 चा मुख्य पॉट मधोमध ठेवला. उरलेल्या दोघांकडून प्रत्येकी 5,400 घेऊन 10,800 चा साइड पॉट वेगळा रचला आणि ज्याला कोणाचीच बरोबरी नव्हती ते 5,400 तिसऱ्याला परत केले. हे सारे फ्लॉप उघडण्याआधी, तोंडाने आकडे म्हणत, सगळ्यांना दिसेल असे झाले. कॅल्क्युलेटर नाही, गोंधळ नाही. असे काम पाहिले की टिप देताना हात आखडत नाही.

रेकचा हिशेब मात्र प्रत्येकाने आपापल्या वहीत मांडावा. तिथे पॉटच्या 5 टक्के, कमाल 1,000 रुपये असा दर होता आणि फ्लॉप न येता डाव संपला तर काहीच कापत नव्हते, हे न्याय्य वाटले. खऱ्या टेबलावर तासाला तीसच्या आसपास डाव होतात. सरासरी पॉट 4,000 चा धरला तर तासाला 6,000 रुपये टेबलावरून उठतात. आठ खेळाडूंत वाटले की प्रत्येकी 750, म्हणजे आठ तासांच्या बैठकीत 6,000 रुपये, अर्थात तीस बिग ब्लाइंड. समोरच्यांपेक्षा आपण थोडेसे बरे खेळतो, एवढ्या बळावर हा खर्च भरून निघत नाही. लहान ब्लाइंडच्या टेबलावर हौस म्हणून बसावे. कमाईचा मार्ग म्हणून त्याकडे पाहणाऱ्याने हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवावा.

त्यात जीएसटीची भर आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत चिप्स विकत घेण्यासाठी किंवा खेळात सहभागी होण्यासाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के कर आला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा खेळात लावल्या तर त्यांवर तो नव्याने लागत नाही. खिडकीवर पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा: मी इतके रुपये दिले तर माझ्या हातात किती रुपयांच्या चिप्स येतील? उत्तर ऐकल्यावर मगच पाकीट काढावे.

आता स्पर्धेविषयी. इथे माझी तक्रार आहे आणि ती मी सौम्य करणार नाही. प्रवेश 20,000 रुपयांचा होता. त्यातले 17,500 बक्षिसांच्या निधीत जाणार आणि 2,500 आयोजकांचे. साडेबारा टक्के आयोजन शुल्क मला जास्त वाटले, तरी ते आधीच छापील पत्रकात दिलेले असल्याने त्याबद्दल कुरकुर नाही. सुरुवातीला 30,000 चिप्स, ब्लाइंड 100-200 आणि प्रत्येक पातळी (ब्लाइंड वाढेपर्यंतचा टप्पा) तीस मिनिटांची, असे त्या पत्रकात स्पष्ट लिहिले होते. ही मांडणी उत्तम होती. दीडशे बिग ब्लाइंडनी सुरुवात होते तेव्हा घाई न करता, टर्न-रिव्हरपर्यंत विचार करत खेळता येते. मी पहिल्यांदा चौथ्या पातळीवर बाद झालो. राणीच्या जोडीवर सगळे लावले आणि समोर एक्का-राजा होता. राणीची जोडी तिथे थोडी पुढे असते, पण रिव्हरवर एक्का पडला. नियमाप्रमाणे पुन्हा 20,000 भरून मी परत आत आलो.

एकूण 87 प्रवेश झाले आणि बारा जणांना बक्षिसे होती. जेवणाच्या सुट्टीनंतर परत येऊन बसलो, तेव्हा पडद्यावरच्या घड्याळात पातळी वीस मिनिटांची दिसत होती. कोणतीही घोषणा झाली नव्हती. विचारल्यावर, "उशीर होतो आहे, रात्रीत संपवायचे आहे," एवढेच उत्तर मिळाले. वरवर पाहता ही दहा मिनिटांची गोष्ट आहे, पण नो-लिमिट स्पर्धेत वेळ हेच भांडवल असते. तीस मिनिटांत पंधरा-सोळा डाव मिळतात, वीस मिनिटांत जेमतेम दहा. म्हणजे ब्लाइंड पुन्हा वाढण्याआधी चांगल्या पत्त्यांची वाट पाहण्याची संधी एक तृतीयांशाने घटते. तेरा खेळाडू उरले तेव्हा ब्लाइंड 5,000-10,000 होते, बिग ब्लाइंडचा 10,000 चा अँटी (डावाआधीच लावायची आणखी एक सक्तीची रक्कम) वेगळा, आणि सरासरी रास वीस बिग ब्लाइंडचीच होती. अशा वेळी आधी मोठी रास जमवलेल्यालाच मोकळीक राहते. बाकीच्यांना फ्लॉपपूर्वी सगळे लावायचे की पत्ते टाकायचे, एवढेच दोन मार्ग उरतात. ज्यांनी पत्रक वाचून, त्या वेळेच्या हिशेबाने खेळाची आखणी केली होती, त्यांच्यावर हा उघड अन्याय होता. वेळ अपुरा पडणार हे दुपारीच दिसत होते, तेव्हा उशिरा प्रवेश देणे थांबवता आले असते किंवा शेवटचे टेबल दुसऱ्या दिवशी खेळवता आले असते. एकदा पैसे स्वीकारल्यावर स्पर्धेची मांडणी बदलू नये. हा नियम आयोजकाला मान्य आहे का, हे मी आता प्रवेश भरण्याआधी विचारतो.

मी नववा आलो, बक्षीस 42,000 रुपये. त्यातून 30 टक्के, म्हणजे 12,600 रुपये, प्राप्तिकर म्हणून जागेवरच कापले गेले आणि हातात 29,400 आले. दोन प्रवेशांचे मी 40,000 भरले होते. कागदावर 2,000 रुपयांचा फायदा दिसतो, प्रत्यक्षात 10,600 रुपयांचा तोटा झाला, कारण पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर कर आकारताना भरलेले शुल्क किंवा इतर दिवशीचे नुकसान वजा करू दिले जात नाही. स्पर्धेत दुसऱ्यांदा प्रवेश घेण्याचा मोह ज्याला होतो, त्याने हे गणित आधी करावे: दोन प्रवेश वसूल व्हायलाच 57,000 हून थोडे अधिक बक्षीस लागते. तेही जीएसटीचा नवा दर येण्यापूर्वीचे गणित आहे.

टेबलावरच्या मंडळींबद्दल थोडेसे. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा झाला. त्यानंतरच्या माझ्या दोन रात्रींत, आधी फक्त फोनवर खेळलेले बरेच तरुण दिसले. कोणत्या जागेवरून कोणते पत्ते खेळावेत हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे, पण हाताने खेळायची सवय नाही. पाळी येण्याआधी पत्ते टाकणे, आधी कॉलच्या चिप्स ठेवून मग रेझसाठी पुन्हा राशीकडे हात नेणे, मोठ्या किमतीच्या चिप्स लहान चिप्सच्या मागे झाकून ठेवणे, अशा चुका सतत होत होत्या. फोनवर बटण दाबले की यंत्रच नियम सांभाळते, इथे ते आपण सांभाळायचे असतात. माझ्या शेजारी बसलेल्या कोल्हापूरच्या एका मुलाला डीलरने तीनदा न कंटाळता समजावले, "दादा, आकडा आधी तोंडाने सांगा, मग चिप्स ठेवा." चौथ्या वेळी त्याने "रेझ, दोन हजार" असे खणखणीत म्हटले आणि सगळ्या टेबलाने मान डोलावली. नव्या माणसाशी असे वागणारे टेबल मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

त्या स्पर्धेच्या ठिकाणी, पातळीची वेळ बदलणार नाही असे पत्रकावर लिहून मिळाल्याशिवाय, मी पुन्हा प्रवेश भरणार नाही. कॅश गेमच्या जहाजावर मात्र येत्या डिसेंबरात परत जायचे ठरवले आहे: आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे खुर्चीसाठी ताटकळावे लागू नये. दोन बाय-इनचे (दोनदा चिप्स घेऊन बसण्यापुरते) 40,000 सोबत न्यायचे आणि बँकेचे कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवायचे.