मैलापूर टाइम्स : फुकटचा पेपर, पण कात्री जवळ ठेवून वाचावा असा

माझं माहेर पुण्यात शनिवार पेठेत. आमच्या चौकात मंडळाचा वार्ताफलक होता. कुणाचं लग्न, कुणाचा दहावा, पाणी कधी येणार नाही, सगळं खडूनं लिहिलेलं. दूध आणायला गेलं की तो वाचून यायचं आणि घरी सांगायचं. नवऱ्याची बँकेतून चेन्नईला बदली झाली आणि आम्ही मैलापुरात राहायला आलो, तेव्हा आठवडाभर मला कळेना की नक्की काय चुकल्यासारखं वाटतंय. मग एका शनिवारी दाराशी एक घडी केलेला छोटा पेपर पडला. मी समजले, शेजारच्यांचा चुकून आला. वॉचमनला परत द्यायला गेले तर तो म्हणाला, "फ्री, फ्री, मॅडम!"

तो हा 'मैलापूर टाइम्स'. 1994 पासून निघतो, आठवड्याला एकदा, इंग्रजीत, आणि पैसे घेत नाही. सुरू केला व्हिन्सेंट डिसूझा या पत्रकारानं. सहा वर्षं वाचतेय, तेव्हा परीक्षण लिहायचा हक्क मला आहे असं समजते.

याची हद्द ठरलेली. लझ, मंदवेली, आळवारपेट, सँथोम, राजा अण्णामलैपुरम. दिल्लीत सरकार पडलं तरी यात ओळ नसणार, पण कुठल्या गल्लीत गटाराचं झाकण गेलंय ते असणार. मेट्रोच्या कामामुळे लझला रस्ते इतके फिरवलेत की रिक्षावालेसुद्धा वैतागतात. अशा वेळी कुठला रस्ता बंद आणि कुठून वळायचं एवढंच मला हवं असतं. मोठ्या पेपराच्या 'शहर' पानावर चेन्नई म्हणजे चाळीस किलोमीटर लांबीरुंदीचं काहीतरी असतं. इथे ज्या दुकानाची बातमी, तिथून मी कोथिंबीर घेऊन दहा मिनिटांत परत येऊ शकते.

पंगुनी या तामिळ महिन्यातल्या उत्सवात इथल्या देवळातल्या कपालीश्वराचा, म्हणजे शंकराचा, रथ निघतो, नंतर त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शिवभक्त संतांच्या, पालख्या. त्या दिवसांत देवळाभोवतालच्या चारही माडा रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या वर्षी मी नेमकी त्याच दिवशी भाजीला बाहेर पडले आणि दोन तास एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. दर्शन छान झालं, भाजी नाही मिळाली. आता आधी पेपर बघते.

डिसेंबरात तर हा पेपर वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये. मार्गळी या तामिळ महिन्याचा संगीत महोत्सव असतो, सभागृहांत सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं. शेजारच्या मामींनी (इथे वयानं मोठ्या बाईला मामीच म्हणायचं, नातं काढायचं नाही) पहिल्याच वर्षी सांगितलं, "संध्याकाळी सहाला कचेरी आहे, याल का?" मला वाटलं बाईंचं काहीतरी कोर्टाचं काम आहे, सोबत हवीय. मी कागदपत्रांची पिशवी घ्यायची का असंही विचारलं. तामिळमध्ये कचेरी म्हणजे गाण्याची मैफल! गंमत म्हणजे मैलापुरातच कचेरी रोड आहे आणि तिथली कचेरी मात्र आपल्यासारखी, सरकारी.

अशीच एकदा कार्यक्रमाच्या दोन ओळींत 'रानडे लायब्ररी' वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं. लझला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या नावाचं वाचनालय आहे, हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं! त्याच दिवशी गेले. आत मराठी पुस्तक सापडेल ही माझी भाबडी आशा होती, पण नाव बघूनच पोट भरलं. मामींना म्हटलं, हे आमचे. त्या म्हणाल्या, "आमचेही आहेत, इतकी वर्षं आम्हीच सांभाळलंय."

बातम्यांहून जास्त मी जाहिराती वाचते. पेपर फुकट आहे तो त्यांच्याच जिवावर, त्यामुळे त्या भरपूर असतात आणि काही पानांवर बातमी हुडकावी लागते. पण मैलापूर कळतं ते तिथेच. म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसपाळीची नर्स, घरपोच डबा, वीणा शिकवणाऱ्या बाई, जुनं घर पाडून फ्लॅट. मुलं अमेरिकेत, आईवडील इथे दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे कुणी लेखात लिहिलेलं नसतं, ते छोट्या जाहिरातींची रांग वाचताना आपोआप समोर येतं.

मात्र छापलंय म्हणजे पारखलेलं आहे असं धरू नका. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी एक डबेवाला जाहिरातीतूनच लावला. नाव सांगत नाही. पहिले तीन दिवस रसम इतकं सुरेख की मी कृती विचारली. चौथ्या दिवसापासून त्यात टोमॅटोची नुसती आठवण. तक्रार केली तर म्हणाले, पेशंटला हलकंच द्यावं. त्यात पेपराचा काय दोष? चौकशी मीच करायला हवी होती.

जानेवारीत माडा रस्त्यांवर मैलापूर फेस्टिव्हल भरतो, त्यामागेही ही पेपरवाली मंडळीच. कोलमची, म्हणजे इथल्या रांगोळीची, स्पर्धा असते. मी रंगांचे डबे पिशवीत भरत होते, तर मामींनी काढून ठेवले. नुसतं पांढरं पीठ, ठिपके, आणि हात न थरथरता ओढलेली रेघ. ऐन रस्त्यावर, अंगावर ऊन घेत, माझ्या शेजारी एक सत्तरीची बाई बसली होती. ती चिमटीतून पीठ सोडायची ते एकसारखं, शेवयांसारखं. माझी रेघ मध्येच जाड, मध्येच गायब. बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. तिनं माझ्याकडे बघून आपली बोटं दाखवली, अंगठा कुठे टेकवायचा ते. भाषा लागली नाही.

उणं काढायचंच तर अक्षर माझ्या वयाला बारीक आहे. आणि इंग्रजी असल्यामुळे आमच्या भाजीवालीला त्याचा उपयोग भाजी बांधण्यापुरता. माझ्याकडून पाचात चार.

एक अडचण राहते. मला हवी ती जाहिरात आणि नवऱ्याला हवा तो कार्यक्रम नेमके एकाच कागदाच्या दोन बाजूंना येतात. कात्री लावली की भांडण. म्हणून हल्ली वॉचमनला सांगून दोन प्रती घेते, एक वाचायला आणि एक कापायला. फुकटच आहे.