एसीचं कन्व्हर्जन म्हणून नुसते अडॅप्टर लावून दिले

माझी गाडी जुनी, एसीत आर-१२ हा जुना गॅस असलेली. ओझोनच्या भानगडीत १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो गॅस हळूहळू बंद झाला, त्यामुळे एसी गार करेना तेव्हा १३४ए या नंतरच्या गॅसवर कन्व्हर्ट करणं हाच मार्ग होता. मेकॅनिक म्हणाला ड्रायर (एसीतली ओल शोषणारा डबा), ओ-रिंग (जोडांमधल्या रबरी रिंगा), कॉम्प्रेसरचं ऑईल सगळं नवीन टाकतो, आणि बिलावरही तसंच लिहिलं. चहा पिऊन आलो तोवर गाडी तयार! अर्ध्या तासात. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं, कारण सिस्टीममधली हवा आणि ओल काढायला नुसता व्हॅक्यूमच तेवढा वेळ लावावा लागतो, बाकी खोलाखोली वेगळीच. पण गार हवा आली ना, मग मी खूश.

दीड महिन्यात कॉम्प्रेसर आधी घरघरला आणि मग जाम.

दुसऱ्या माणसाकडे नेली, त्याने बोनेट उघडून काही न बोलता ड्रायरच्या नटावर बोट ठेवलं. नटाच्या कडांना वर्षानुवर्षांचा तेलकट मळ जसाच्या तसा, पाना लागल्याची एक खूण नाही. म्हणजे ड्रायर जुनाच, ओ-रिंगही जुन्या काळ्या, आणि आत जुनं मिनरल ऑईल. आता यात गोम अशी की १३४ए मध्ये मिनरल ऑईल मिसळतच नाही, ते कुठेतरी पाईपात नाहीतर कूलिंग कॉईलमध्ये साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. म्हणून पॅग किंवा एस्टर ऑईल लागतं, आणि ड्रायरही १३४ए ला चालणाराच. खरं काम झालं होतं ते एवढंच, जुन्या आट्यांच्या पोर्टवर नवे अडॅप्टर, कारण त्याशिवाय १३४ए भरायचा पाईप बसतच नाही! वर गॅसही आर-१२ च्याच मापाने ठासून भरलेला, खरं तर साधारण ८० ते ९० टक्केच भरतात, जास्त झाला की प्रेशर चढतं.

पहिल्याकडे परत गेलो तर म्हणतो, "गाडीच जुनी आहे साहेब, कॉम्प्रेसर आज ना उद्या जाणारच होता." बिल दाखवलं तर म्हणे पोराने चुकून लिहिलं.

कन्व्हर्जन करणार असाल तर ड्रायर तुमच्यासमोर काढायला लावा आणि जुना हातात मागून घ्या, शिवाय काढलेलं ऑईलही बघा. समोर उभं राहू देत नसेल तर तिथून गाडी काढा सरळ. मी आता कॉम्प्रेसर शोधतोय, तोवर काचा खाली.